पहाटेचं दूध कालच्या तारखेत

सोमवार, ५ जानेवारी २०२६, जळोची

माझ्या हातानं केलेल्या वस्तू: सायकलच्या रिमपासून बनवलेलं जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरायचं यंत्र, ज्यावर मी दुकान चालवलं आणि घर उभं केलं. वीज आली की आपोआप सुरू होणारा पंपाचा स्टार्टर, बाजारात तसला मिळायच्या आधीचा. या घराचं सगळं वायरिंग. लेकीचा, सोनमचा, सागवानी पाळणा, कड्यांना बेअरिंग बसवलेला, त्यामुळे तो कुरकुरत नाही. आणि 'धार'.

'धार' हा दूध संकलनाचा प्रोग्राम. सभासदाचा नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ टाकायचं, दर तो काढतो, पावती बाहेर. मी कॉलेजात गेलो नाही, क्लास लावला नाही. पुस्तकं आणून, चुकत चुकत शिकलो. एके काळी बारामतीपासून इंदापूरपर्यंत पुष्कळ संस्था धारेवर होत्या. आता एक उरली आहे, इंदापूरच्या अलीकडची.

आज तिथल्या सचिवांचा, हिंदुराव आबांचा फोन आला.

"विजयराव, ते डबडं आता गेलं बघा. चार थपडा खाल्ल्याबगार चालूच हुईना."

म्हटलं, मशीन जुनं झालंय, प्रोग्राम नाही.

"तेच म्हणतुय मी. नवं मशीन घेतलंय. पण आमच्या चेअरमनचा पुतण्या शंभूराज म्हणतुय, प्रोग्राम डॉकरमधी द्या, म्हंजी उद्या ह्येबी मशीन मेलं तर दुसऱ्यावर लगीच चालंल. न्हायतर ती पुण्याची कंपनी दारात हुबीच हाय त्यांचं ॲप घिऊन. पंचवीस तारखंला मीटिंग हाय."

म्हटलं, पंचवीसला तयार मिळेल.

डॉकरचं नाव ऐकलं होतं. हात लावला नव्हता. हे आबांना सांगितलं नाही.

बुधवार, ७ जानेवारी

डॉकर म्हणजे, मला समजलं तसं: प्रोग्रामला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरायचं. डबा कुठल्याही मशीनवर ठेवा, आतली हवा तीच. मी दोन डबे केले. एकात प्रोग्राम, त्याचं नाव 'धार'. दुसऱ्यात डेटाबेस, त्याचं नाव 'गोठा'. नावं आपल्याला हवी ती देता येतात, हे मला आवडलं.

गोठा सुरूच होईना. दार आधीच कुणीतरी अडवलंय असं म्हणायचा. माझ्याच लॅपटॉपवर जुना डेटाबेस चालू राहिला होता, तो त्या दारात बसलेला. त्याला बंद केलं, गोठा उघडला. सकाळभर गेली, पण कुणाला विचारलं नाही.

दुपारी कालचंच पिठलं गरम केलं. बायको, शालन, संक्रांतीला येईल. जुलैत सोनमच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती अजून तिकडेच आहे. नातू समर्थ आता पाच महिन्यांचा झाला.

शनिवार, १० जानेवारी

दोन्ही डबे चालू. पण धारेला गोठा सापडत नाही. 'अशी फाइल नाही' म्हणते. प्रोग्राममध्ये डेटाबेसचा पत्ता मी पहिल्यापासून 'लोकलहोस्ट' असा लिहिला आहे, म्हणजे याच मशीनवर. इतकी वर्षं तोच पत्ता चालला. मशीन तेच, गोठा त्याच मशीनवर. मग सापडत का नाही?

पत्ता आकड्यांत लिहून पाहिला. आता 'अशी फाइल नाही' गेलं आणि 'जोडणी नाकारली' आलं. चूक बदलली म्हणजे पुढं सरकलो, असं धरून समाधान मानलं. खरं म्हणजे तिथंच आहे.

रविवार, ११ जानेवारी

शालनचा फोन.

"अहो, जेवला का?"

"जेवलो."

"काय?"

"भाकरी."

"कुणी केली?"

"मेसची."

मग म्हणाली, "जावयांनी गाडी बघितली. हप्ता बावीस हजार चारशे बसंल म्हणं म्हैन्याला. मी म्हणलं, आगं बाया, यवढा? तर सोनम म्हणती, समर्थला घिऊन रिक्षानं किती दिस हिंडायचं."

म्हटलं, मी असतो तर पैसे साठवून रोख घेतली असती.

"तुमचं काम कुठवर आलंय?"

सांगितलं. एरवी ती "बरं बरं" म्हणून विषय बदलते. आज म्हणाली, "काय म्हणतंय ते मशीन? परत सांगा, हळू." मी अक्षर न् अक्षर सांगितलं. मागं कागदाचा आवाज येत होता. समर्थच्या हातात वर्तमानपत्र दिलं असेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कामात तिनं पहिल्यांदाच एवढं लक्ष घातलं. बरं वाटलं.

संक्रांतीला येणं होत नाही म्हणाली. शिमग्याला येईल.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

शेजारच्या ठमाबाई तिळगूळ देऊन गेल्या. "वैनी न्हायत तर घर कसं दिसतंय," म्हणाल्या. घर होतं तसंच आहे, रोज झाडतो. त्यांना तसं सांगितलं.

शालनचा फोन दुपारी. आज भलतीच बडबडत होती.

"हितली एक गंमत सांगू का? परवा मी खालच्या बायला भेटायला गेले. आपल्याच दाराची बेल दाबली आन् वाट बघत बसले. हाय का न्हाय येडेपणा? फ्लॅटात आसलं की आपल्या दारात हुबं राहून 'घरात कोण हाय का' म्हणलं तर आपुनच. शेजारी पायजे आसंल तर खाली बोर्डावर त्याच्या नावाचं बटन दाबायचं. नावानं हाक मारायची."

म्हटलं, मग?

"मग काय न्हाय. तुमाला सांगितलं आपलं. प्रत्येक डबा... म्हंजी प्रत्येक फ्लॅट येगळा आसतो न्हवं. नावानं हाक मारायची, अहो. नावानं." मागं जावई काहीतरी सांगत होते, टीव्ही लावला असावा.

फोन ठेवला आणि तसाच बसलो. धार आपल्या डब्यात बसून 'लोकलहोस्ट' म्हणते, तर डब्यात लोकलहोस्ट म्हणजे तो डबाच. ती स्वतःच्याच दाराची बेल दाबत होती. गोठा शेजारच्या डब्यात. पत्त्याच्या जागी नुसतं 'गोठा' लिहिलं. लागलं. पहिल्या झटक्यात.

शालनला यातलं काही कळत नाही. पण साधं माणूस कधी कधी बोलता बोलता बरोबर जागेवर बोट ठेवतं. शोध मात्र माझा.

शनिवार, १७ जानेवारी

सभासदांची नावं आत भरली तर सगळीकडे प्रश्नचिन्हं. नंबर बरोबर, दूध बरोबर, माणसं गायब. मराठी अक्षरं साठवायची सेटिंग गोठ्यात वेगळी द्यावी लागते, ती दिली. कुशाबाई पुन्हा कुशाबाई झाली. हेही कुणाला विचारलं नाही.

शालनला सांगितलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "जावई म्हनतच हुते, पुढं नावांचं लफडं हुईल म्हणून."

"त्यांना कुणी सांगितलं माझं काम?"

ती समर्थशी बोलायला लागली.

"शालन, माझं काम त्यांच्या कानावर घालायचं नाही."

"आवो, ते घरचंच हायत."

"म्हणूनच."

तिला कळत नाही असं नाही. माझे वडील ताईच्या घरी जेवले की ताटाखाली नोट ठेवून उठायचे. लेकीच्या घरचं फुकट घ्यायचं नाही. बारशाला मीही ठेवली, पाचशेची. नंतर कळलं की ती त्यांच्या स्वयंपाकाच्या बाईनं बक्षीस समजून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी जास्त केली. हसले सगळे. पण मी ठेवली होती. आता जावयाला, ऋषिराजला विचारून प्रोग्राम चालवला तर ताटाखाली काय ठेवू?

सोमवार, १९ जानेवारी

सगळं चाललं. सकाळी दहाला नोंद टाकून पाहिली: आजची तारीख, 'सकाळ'. संध्याकाळी सातला टाकली: आजची तारीख, 'संध्याकाळ'. पावती सुबक. आबांना कळवलं, गुरुवारी पहाटे येतो, जुनं मशीन आणि लॅपटॉप शेजारी शेजारी चालवू.

ही बातमी सांगायला कुणाला तरी फोन करावा म्हणून नंबर चाळत बसलो. आबांना तर सांगून झालं होतं.

गुरुवार, २२ जानेवारी

पहाटे मोटरसायकलवर निघालो. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला, मागं लाल दिवा एकीलाही नाही. संस्थेत पोचलो तर कुशाबाई कॅन घेऊन ओट्यावर बसलेली. ती कायम पहिली. म्हैस दारातच, संस्था चार पावलांवर.

जुन्या मशीनची पावती आली, लॅपटॉपची आली. तिनं दोन्ही नातवाच्या पुस्तकासारख्या लांब धरून वाचल्या.

"भाऊ, ह्येच्यावर कालची तारीख हाय."

म्हटलं, बघू.

"आन् संध्याकाळ लिवलीय. काल संध्याकाळी म्या दूध घातलंच न्हाय. म्हैस आटत आलीया, येकाच येळंला निघती. उद्या तुमी म्हनशिला, हिनं संध्याकाळचं घातलं, आता सकाळचं कुठं गेलं?"

मागच्या दोघांचंही तसंच झालं. नंतर उजाडायच्या सुमारास आलेल्यांचं मात्र बरोबर. मी तीनदा तपासलं. रांगेत कुणीतरी म्हणालं, "तात्या, तुमचं मशीन अजून झोपलंय जनू." हसले. मीही हसलो असेन.

आबा बाजूला घेऊन म्हणाले, "इजयराव, लोकांचं दूध हाय. तारीख हालली की दहा दिसाचं बिल हालतं. शनवारी परत येऊन दावा. पन शेवटचं."

घरी आल्यावर शालनचा फोन. "कसं झालं?" "छान झालं." "काय अडलंय का? आवाज तसा येतुय." "काही अडलेलं नाही." तिनं दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं.

शुक्रवार, २३ जानेवारी

कुशाबाईची पावती समोर ठेवून बसलो. वर वेळ छापली होती, ती काल मी वाचलीच नव्हती, तारखेतच अडकलो होतो. आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा वाजून एक्केचाळीस. ती आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच अकरा होते. साडेपाच तासांचा फरक, मिनिटाचाही इकडं तिकडं नाही.

डब्यातलं घड्याळ इंग्लंडच्या वेळेवर चालतंय. डब्याला आपण वेगळं सांगितलं नाही तर त्याला वाटतं सगळं जग तिथंच राहतं. आपल्याकडे साडेपाच वाजेपर्यंत तिथं काल असतो. म्हणून साडेपाचच्या आत जो दूध घालेल त्याचं दूध कालच्या संध्याकाळी. मी घरी तपासलं ते दहाला आणि सातला. पहाटे पाचला कुणी प्रोग्राम तपासतं का? जो पहाटे दूध घालतो त्याच्यासाठी प्रोग्राम करायचा तर तपासायला हवा होता. ही माझी चूक, ती इथं लिहितो. दुसरीकडे कुठं सांगायची गरज नाही.

दोन्ही डब्यांना एकेक ओळ दिली, वेळ भारताची. झालं.

झाल्यावर खोलीत इतकं शांत होतं की फ्रीज बंद पडल्याचं कळलं. वीज गेली होती.

शनिवार, २४ जानेवारी

पहाटे परत गेलो. कुशाबाईनं पावती वाचली, परत वाचली, आणि कनवटीला खोचली. "आता बराबर. आजचं दूध आज." बाकी काही बोलली नाही. मला तेवढं पुरे होतं. शेवटच्या माणसापर्यंत दोन्ही मशीनचा मेळ बसला, पैशाचाही.

आबांनी चहा पाजला. म्हणाले, "उद्या मीटिंगला या. आन् एक करा. तुमच्या नंबरासंगं दुसरा एक नंबर आणा. कुनाचाबी, ह्यातलं कळणाऱ्याचा."

"कशाला?"

"तुमी बाथरूममधी आसला तर?" आबा हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "आणा. येवढं ऐका माझं."

रविवार, २५ जानेवारी

मीटिंग. मी डबा बंद करून दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवला. चहा यायच्या आत धार चालू. शंभूराज म्हणाला, "काका, काम क्लीन आहे. आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टपेक्षा क्लीन." हे त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं.

मग चेअरमननी विचारलं, "दुसरा नंबर?"

म्हटलं, "माझा नंबर इतकी वर्षं तोच आहे. कधी लागला नाही असं झालंय का?"

"झालं न्हाय. पन तुमी एकटं. उद्या तुमाला कायबी झालं, देव न करो, तर सकाळी पाचला आमी फोन कुणाला लावायचा?"

आबा माझ्याकडे बघत होते. "इजयराव, तुमचं जावई पुण्यात ह्येच काम करत्यात न्हवं? त्यांचा घाला की. नुसता लिवून ठेवायचा. लावतंय कोन."

नंबर मला पाठ आहे. जिभेवर होता.

म्हटलं, "जावयाचा नंबर मी धंद्यात देत नाही."

"मग आनखी कुनी? मैतर? शागीर्द?"

मी आठवून पाहिलं. खरोखर आठवून पाहिलं. दुकानात एक दोघं होते शिकायला, त्यांना मी हाकललं होतं. तार सोलायला चाकू वापरायचे, पक्कड नव्हे. मित्र म्हणावं असं नाव लगेच आलं नाही. बाहेर कुणाची तरी गाय हंबरत होती.

म्हटलं, "मी आहे ना."

"बरं," चेअरमन म्हणाले. "कळवतो."

बुधवार, २८ जानेवारी

आबांचा फोन. एक तारखेपासून पुण्याच्या कंपनीचं ॲप. "त्यात तुमच्यावानी काय न्हाय, इजयराव. पावतीबी धड मराठीत येत न्हाय. पन त्यांच्या हापिसात कोन ना कोन फोन उचलतो." मग म्हणाले, "येत जावा चहाला." म्हटलं, येईन.

संस्थेत चहाला मी ज्या कामानं जात होतो ते आता राहिलं नाही.

शालनला तीन वाक्यांत सांगितलं. रडली बहुतेक. म्हणाली, "नंबर का न्हाय दिला ओ?" मी टेबलावरच्या पावत्या सरळ केल्या. मग इकडचं तिकडचं बोलली. सोनमची रजा पंधरवड्यात संपते, समर्थला ठेवायचं कुणाकडं. ऋषिराजनं गाडीचं रद्द केलं, हप्ता एवढ्यात नको म्हणाला. या पोरांचं असंच, आधी उत्साह, मग माघार. ती शिमग्याचं काही बोलली नाही. उन्हाळ्यात येईल.

रविवार, १ फेब्रुवारी

आज पहाटे पाचला आपोआप जाग आली. लॅपटॉप उघडला. दोन्ही डबे चालू, वेळ बरोबर, तारीख आजची. दूध कुणाचं नाही. मेसवाल्यानं कालच ठेवलेलं अर्धा लिटर होतं, ते सभासद नंबर एक म्हणून टाकून पाहिलं. पावती आली. नावाच्या जागी काय टाकावं म्हणून शालनचं टाकलं होतं.

दहाच्या सुमारास ऋषिराजचा फोन. शालनच्या फोनवरून नव्हे, स्वतःच्या. लग्नानंतर त्यानं मला स्वतःहून केलेला पहिला फोन असावा. थोडा अडखळत बोलला.

"आप्पा, आमच्या कंपनीत एक काम निघालंय. जुने प्रोग्राम डॉकरमध्ये नेण्याचं. असा माणूस मिळत नाही. तुम्ही कराल का?"

"मला कोण ओळखतं तुमच्या कंपनीत?"

"मी सांगितलंय. ऑफिसला यावं लागणार नाही. इथूनच, घरून. उत्तरेची खोली आम्ही मोकळी केली आहे. टेबल लावलंय. आणि आप्पा, हॉलच्या छताला कडी बसवून घेतली. पाळण्याचं माप हवं होतं. येताना तो पण आणा."

मी विचारलं, नेमणुकीचं पत्र कुठं आहे. तो म्हणाला, तसं पत्र नसतं, पैसे दर महिन्याला त्याच्याच हातून येतील. विचारलं, साहेबाचं नाव काय. नाव न सांगता तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही या तर." मागं समर्थ रडत होता आणि शालन त्याला "आजोबा येनार, आजोबा येनार" म्हणत होती.

पत्र नसलेली नोकरी मी करत नाही. लेकीच्या घरी राहून तर नाहीच. तसं स्पष्ट सांगितलं, आवाज न चढवता. तो म्हणाला, "बरं आप्पा." मग म्हणाला, "खोली राहू दे तशीच."

पाळण्याची मापं मात्र दिली, सुतापर्यंत. दुपारी माळ्यावरून काढला, पुसला, बेअरिंगला तेल दिलं. हात लावून झुलवून पाहिला. अजून आवाज नाही. उद्या टेम्पोनं पाठवतो, बरोबर कुणी येणार नाही असं कळवलं आहे.

आता नोंद म्हणून, व्यवस्थित लिहून ठेवतो. आज नाकारलेला प्रस्ताव: ऋषिराजच्या कंपनीसाठी जुने प्रोग्राम डब्यात भरण्याचं काम, पुण्यात, सोनमच्या घरी, उत्तरेच्या खोलीत राहून, मुदत, मला वाटेल तोपर्यंत. सांगितलेल्या रकमेत हजारांवरचे चारशे कशाचे ते विचारायचं राहिलं, कर कापून उरत असतील. रक्कम, महिना बावीस हजार चारशे.